किरणाच्या परतीचा वेळ

जुन्या लॅपटॉपच्या कडेला एक निळं तोंड असतं. तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच, अशी १५ भोकं आणि दोन्ही बाजूंना स्क्रूसाठी जागा. दुकानदार त्याला व्हीजीए म्हणतात. भिंतीवरच्या नव्या टीव्हीच्या पाठीमागे हात घालून कितीही चाचपलं, तरी त्याचा जोडीदार सापडत नाही. तिथे एचडीएमआयच्या दोन-तीन चपट्या खाचा असतात, यूएसबी असतं, अँटेनाची गोल खुंटी असते. मग घरातलं कुणीतरी लॅपटॉप मिटून ठेवतं आणि हे दोघं वेगवेगळ्या काळातले आहेत, त्यांचं जुळायचं नाही, असं ठरवून टाकतं.

जुळतं. आणि ते का जुळतं हे पाहताना दूरचित्रवाणीचा सगळा इतिहास दोघांना जोडणाऱ्या हातभर केबलमधून वाहताना दिसतो.

व्हीजीए १९८७ साली आलं, आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर. आडवे ६४० ठिपके, उभ्या ४८० ओळी. पण या ४८० दिसणाऱ्या ओळी. मोजायच्या एकूण ओळी ५२५. हा आकडा थेट अमेरिकी टीव्हीतून आलेला आहे. एका सेकंदात व्हीजीए जितक्या ओळी काढतं, त्या अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या ओळींच्या नेमक्या दुप्पट. संगणकाचा पडदा टीव्हीच्याच तालावर बेतला गेला होता. आपल्याकडे दूरदर्शनने ६२५ ओळींची पद्धत घेतली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास घरोघर रंग पोचला तो याच ओळींमधून.

मग व्हीजीएच्या ५२५ पैकी उरलेल्या ४५ ओळींचं काय? त्या कुणालाच का दिसत नाहीत?

जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा किरण डावीकडून उजवीकडे एक ओळ काढायचा. वहीत ओळ संपली की लिहिणाऱ्याचा हात उचलून पुन्हा डाव्या समासाशी येतो, तसा तो किरण विझून मागे यायचा आणि खालची ओळ सुरू करायचा. तळाशी पोचला की त्याला पार वरच्या कोपऱ्यापर्यंत परतायचं असे. चुंबकांनी वळवलेल्या त्या किरणाला परतायला वेळ लागायचा, आणि तो वेळ संदेशातच राखून ठेवावा लागायचा. दूरदर्शनच्या एका ओळीचे ६४ मायक्रोसेकंद. त्यातले ५२ चित्राचे आणि १२ परतीचे. व्हीजीएच्या हिशेबात तर सव्वीस-सत्तावीस टक्के वेळ पडद्यावर काहीच उमटत नाही. संगणक तेवढा वेळ थांबून राहतो, किरण जागेवर येईपर्यंत.

आज भिंतीवरच्या सपाट पडद्यात किरण नाही. नळी गेली, चुंबक गेले, मागे यायचं कुणी उरलंच नाही. तरी फोर-के टीव्हीला जाणारा संदेश उघडून पाहिला, तर ३,८४० आडव्या ठिपक्यांसाठी ४,४०० ठिपक्यांचा वेळ धरलेला दिसतो आणि २,१६० ओळींसाठी २,२५० ओळींचा. जवळपास १६ टक्के वेळ अजूनही त्या परतीच्या नावाने राखलेला आहे.

हा वेळ वाया जात नाही, हे यातलं सर्वांत सुंदर. त्या रिकाम्या ओळींकडे अभियंत्यांचं लक्ष फार पूर्वीच गेलं होतं. बीबीसीने १९७४ साली सीफॅक्स सुरू केलं. बातम्या आणि हवामानाची अक्षरं त्याच न दिसणाऱ्या ओळींमधून घरी पोचायची. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती आली, तेव्हा ती रचणाऱ्यांनी ध्वनीसाठी वेगळ्या तारा घातल्याच नाहीत. त्यांनी ध्वनीचे तुकडे या परतीच्या वेळात बसवले. चित्राची ओळ संपते, पुढची सुरू व्हायची असते, आणि मधल्या फटीतून तबल्याचा ठेका किंवा क्रिकेटची कॉमेंट्री निघून जाते. आज एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीतून जो आवाज ऐकू येतो, तो एका नाहीशा झालेल्या किरणाच्या वाटेवरून येतो.

निळ्या तोंडाच्या लॅपटॉपला याच वाटेवर आणायचं असतं. त्यासाठी नुसती केबल पुरत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी केबलही मिळू शकते. आत चिप नसेल तर ती या कामाला निरुपयोगी आहे. कारण व्हीजीए बोलतं ते विजेच्या दाबात: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकासाठी एक तार, शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत. अंधार म्हणजे शून्य, भरपूर उजेड म्हणजे ०.७. एचडीएमआयला लागतात आकडे. मध्ये कुणीतरी बसून एकेका ठिपक्याचा दाब मोजायचा आणि त्याचा आकडा करायचा. हे काम दोघांच्या मध्ये लावायच्या छोट्या डबीतली, म्हणजे कन्व्हर्टरमधली चिप करते. तिला वीज लागते, म्हणून कन्व्हर्टरला यूएसबीची शेपटी असते. तिच्याशेजारी एक बारीक ऑडिओ केबलही असते, कारण व्हीजीएच्या १५ पिनांत आवाजासाठी एकही नाही. ही केबल लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालायची. तिथून निघालेला आवाज त्या इवल्याशा डबीत आकड्यांत बदलतो आणि ओळींमधल्या फटींत जाऊन बसतो.

दिशा मात्र बघून घ्यावी. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ दिसायला सारखेच असतात, पण उलटे चालत नाहीत. पुष्कळांची फेरी इथेच वाया जाते.

केबल लागली की दोन यंत्रं आधी बोलून घेतात. टीव्ही निदान १२८ बाइटची माहिती पाठवतो: बनवणाऱ्याची तीन अक्षरांची खूण, कोणत्या वर्षी बनला, पडदा किती सेंटिमीटरचा, कोणत्या आकाराचं चित्र चालेल. हे बोलणं दोन बारीक तारांवरून होतं, आणि त्याची पद्धत फिलिप्सने १९८२ मध्ये तयार केली. व्हीजीएत त्या तारा १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवर आहेत, एचडीएमआयमध्ये १५ आणि १६ वर. रंगांची भाषा पार बदलली, ओळख करून देण्याची बदलली नाही. काही कन्व्हर्टर टीव्हीचं म्हणणं जसंच्या तसं पुढे पोचवतात, काही आपलीच माहिती पुढे करतात. मग लॅपटॉप भलताच आकार धरून बसतो. १,३६६ ठिपक्यांच्या पडद्यांचा घोळ आणखी निराळा. त्या माहितीतल्या साध्या नोंदींत रुंदी आठाच्या पटीतच लिहिता येते, आणि १,३६६ ला आठने भाग जात नाही. म्हणून लॅपटॉप १,३६० वर समाधान मानतो आणि अक्षरं किंचित पुसट होतात.

यापुढचं सोपं आहे. चित्र टीव्हीवर न्यायला, विंडोज ७ किंवा त्यानंतरचं असेल तर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबायची. त्याआधीचं असेल तर एफएन आणि ज्या कळीवर पडद्याचं चित्र आहे ती. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, खालची पट्टी दिसत नसेल, तर तो काचेच्या नळीचाच वारसा. तिच्या कडेला चित्र वाकडं व्हायचं, म्हणून टीव्ही ते थोडं मोठं करून कडा झाकायचे. सपाट पडद्यावर त्याची गरज नाही, तरी कित्येक टीव्ही अजून तसंच करतात. चित्राच्या आकाराच्या यादीत कुणाकडे ‘जस्ट स्कॅन’, कुणाकडे ‘स्क्रीन फिट’ असतं. ते निवडलं की कडा परत येतात.

पण हा खटाटोप करायचा कशासाठी? एक कारण अगदी ठोस आहे: जुन्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा असतो. नव्याला बहुधा नसतो, टीव्हीला तर नाहीच. महाराष्ट्रातल्या कितीतरी कपाटांत मराठी नाटकांच्या व्हीसीडी आहेत, आणि घरातलं ते शेवटचं यंत्र त्या वाचू शकतं. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. पूर्ण पडदा भरायचा तर तिच्या एका ठिपक्यासाठी फोर-के टीव्हीला सुमारे ८२ ठिपके रंगवावे लागतील. चित्र मऊ दिसणार, हे धरूनच बसावं. पडदा भरावा म्हणून ते ताणू मात्र नये. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकट्याने ५२ पात्रं उभी करायचे, ती मान, खांदे आणि गालांच्या हालचालीतून. तो चेहरा आडवा ओढून रुंद करणं हा त्या अभिनयावर अन्याय आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

नाटक चालू असताना आणखी एक काम डोक्यात असू द्यावं. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या ‘डॅट’ फायली लॅपटॉपवर उतरवून ठेवता येतात. व्हीएलसी हा प्लेअर त्या थेट चालवतो, आणि तो विंडोज एक्सपीवरही बसतो. कप्प्यातला लेझर वर्षागणिक मंदावत जातो, तेव्हा हे लांबवू नये. दुकानातून आणलेल्या नाटकाच्या तबकड्या कारखान्यात साच्यातून काढलेल्या असतात, त्या टिकतात. फोटोग्राफरने लिहून दिलेल्या लग्नाच्या आणि मुंजीच्या सीडींवर मात्र रंगद्रव्याचा थर असतो, आणि ऊन-दमटपणाने तो विरत जातो. म्हणून आधी त्या उतरवून घ्याव्यात, नाटकं नंतर.