घरचीच मुलं

मैत्रिणींनो, घरात मुलगा फुटबॉल बघायला लागला की क्लबांची नावं आपल्याही कानावर पडतात. त्यातलं एक माझ्या मनात राहिलं. स्पेनमधल्या बिल्बाओ शहराचा ॲथलेटिक क्लब.

१८९८ साली सुरू झालेला हा क्लब. तेव्हाचं बिल्बाओ म्हणजे लोखंडाच्या खाणी आणि जहाजं बांधणारं बंदर. तिथे कामाला आलेल्या इंग्रजांमुळे हा खेळ रुजला, सुरुवातीला संघातही काही इंग्रज होते. पण साधारण १९१२ पासून क्लबने ठरवलं, की खेळवायचं ते बास्क प्रदेशातल्यांनाच. कुणी लादलेलं नाही, आपणहून घेतलेला नियम. आणि नियम घेतला की तो निभावण्याची तयारीही आपल्यालाच करावी लागते. बाहेरून तयार खेळाडू आणायचे नाहीत, तर पोरं घरातच घडवायला हवीत. त्यासाठी १९७१ मध्ये जवळच्या लेझामा गावात प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं.

स्पेनची लीग १९२९ ला सुरू झाली. तेव्हापासून वरच्या श्रेणीतून एकदाही खाली न उतरलेले क्लब तीनच: रियाल माद्रिद, बार्सिलोना आणि हा. पहिले दोघे जगभरातून खेळाडू विकत घेतात. हा आपल्याच परिसरात शोधतो. शेजारच्या क्लबांची गुणी मुलं हा उचलतो, अशी तक्रारही आहे आणि ती अगदीच खोटी नाही.

पण 'आपला' म्हणायचं कुणाला? पुढे क्लबने त्या भागात खेळ शिकून मोठा झालेला मुलगाही आपला मानला. विल्यम्स भावांचे आईवडील घानाहून निघाले, सहाराच्या वाळवंटातून काही वाट पायी तुडवत स्पेनला पोहोचले. थोरला इन्याकी बिल्बाओत जन्मला, दोघं भाऊ क्लबच्या हाताखाली घडले. २०२४ मध्ये क्लबने चाळीस वर्षांनी राजाचा करंडक जिंकला, तेव्हा दोघंही मैदानात होते. देशाकडून मात्र थोरला घानासाठी खेळतो, धाकटा निको स्पेनसाठी. त्यावरून क्लबने कुणाला परकं केलं नाही.

आपणही लग्न होऊन परक्या घरात येतो. रक्ताचं नातं नसतं. तिथल्या कामात, दुखण्याखुपण्यात, सणावारात हळूहळू मुरतो आणि कधीतरी सासूबाई शेजारणीला सांगताना 'आमची' म्हणून जातात. मुलांना घडवताना, सुनेला घरात घेताना, हे आपण विसरू नये असं मला वाटतं. तुमच्या घरी 'आमची' म्हणायला किती वर्षं लागली?