नफा मोजला, तोटा शून्य : माझं रिटर्न आणि बाबासाहेबांचा एक एकर



आज जे लिहितोय ते आधी घरात सांगायला हवं होतं. सांगितलं, पण उशिरा. मागच्या वर्षी मी क्रिप्टोत पैसे घातले होते. मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेले साठ हजार. विहारात दर रविवारी पोरांना 'बाबासाहेबांचे आर्थिक विचार' सांगणारा माणूस रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन हिरवे-लाल आकडे बघत बसत होता. पनवेल लोकलमध्ये उभ्या उभ्या विकत होता, पुन्हा घेत होता. वर्षाअखेरीस हिशेब केला तर 12 हजार 700 रुपये गेले होते.

गेले तर गेले, असं म्हणून मी विषय मिटवला. पण इन्कम टॅक्सने तो मिटवू दिला नाही.

2025 मध्ये रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर गेली, म्हणून मीही ते शेवटच्या आठवड्यावर ढकललं. दरवर्षी आयटीआर-1 भरतो. पगार, बँकेचं व्याज, अर्ध्या तासाचं काम. तेव्हा कळलं की क्रिप्टो विकली असेल तर आयटीआर-1 चालत नाही. पगारदाराला आयटीआर-2 भरावा लागतो, धंदा म्हणून व्यवहार करणाऱ्याला आयटीआर-3. मी सॉफ्टवेअर उघडलं, 'शेड्यूल व्हीडीए' सापडलं. त्यात एकच ओळ टाकली. वर्षभराची सगळी खरेदी एका रकान्यात, सगळी विक्री दुसऱ्यात. खरेदी जास्त, विक्री कमी, म्हणून उत्पन्न शून्य. सॉफ्टवेअरने मुकाट्याने घेतलं. कर शून्य, उलट टीडीएसचे 2,700 रुपये परत मिळणार असं दिसलं. मी खूश.

आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी सीएचा अभ्यास करते. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करतात. तिला सहज स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "काका, ही एक ओळ चुकीची आहे. तुम्ही 23 वेळा विकलंय, तर 23 ओळी येतील."

मी म्हणालो, "अगं, बेरीज तर तीच ना?"

"बेरीज तीच, काका. कर तोच नाही."

मग तिने वहीच्या मागच्या पानावर समजावलं. तेच इथे देतो, कारण आपल्यातल्या किती पोरांनी माझ्यासारखीच एक ओळ टाकली असेल कोण जाणे.

2022 च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात कलम 115 बीबीएच आणलं. क्रिप्टो विकून जो नफा होतो त्यावर सरसकट 30 टक्के कर, वर 4 टक्के उपकर. नफ्यातून वजा फक्त खरेदीची किंमत होते. एक्सचेंजची फी, इंटरनेटचा खर्च, कर्जाचं व्याज, काहीच वजा होत नाही. आणि मुख्य गोष्ट : एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या व्यवहाराच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणून प्रत्येक विक्रीची वेगळी ओळ. कधी घेतलं, कधी विकलं, कितीला घेतलं, कितीला विकलं. जिथे तोटा झाला तिथे उत्पन्न शून्य लिहायचं. एक नाणं देऊन दुसरं घेतलं, हातात रुपयाही आला नाही, तरी तीही विक्रीच.

1 जुलै 2022 पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. तो आपल्या पॅनवर नोंदला जातो आणि वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसतो. 'कुणाला कळतंय' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सरकारला आधीच कळलेलं असतं.

आम्ही 23 ओळी भरायला बसलो. 14 विक्रींत नफा, एकूण 31,500. नऊ विक्रींत तोटा, एकूण 44,200. माझ्या लेखी मी 12,700 ने बुडालो. कायद्याच्या लेखी मी 31,500 कमावले. त्यावर 30 टक्के म्हणजे 9,450, उपकर 378, एकूण 9,828. कापलेले 2,700 वजा जाता 7,128 रुपये मीच भरायचे. परतावा बाजूलाच राहिला.

खरं सांगतो, त्या रात्री मनात आलं की ती जुनी एक ओळच राहू द्यावी. ओळखीच्या एकाने तर सांगितलं, "सोड रे, एवढ्या छोट्या रकमेला कोण विचारतंय." बायकोला तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं. सात हजार कुठून आणले हे सांगायचं तर साठ हजारांपासून सुरुवात करावी लागणार होती.

केली सुरुवात. ती बोलली नाही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खोटं लिहू नका. आधी माझ्याशी खोटं वागलात तेवढं पुरे." 23 ओळींचं रिटर्न गेलं. कर भरला.

आता वादाचा मुद्दा. कर भरला म्हणून तो न्याय्य ठरत नाही.

फेब्रुवारी 1927. बाबासाहेब मुंबई विधान परिषदेचे सदस्य झाले होते आणि अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. महाडचा सत्याग्रह महिन्याभरावर आला होता. तेव्हा त्यांनी जमीन महसुलावर बोट ठेवलं. आयकर देणाऱ्याने वर्षात कमावलं नाही तर त्याला कर नाही. पण शेतकऱ्याचं पीक आलं काय, बुडालं काय, सारा द्यावाच लागतो. आयकर ऐपतीवर, सारा मात्र एक एकरवाल्याला आणि जहागीरदार-इनामदाराला एकाच दराने. हा त्यांचा आक्षेप होता.

आता 115 बीबीएच बघा. वर्ष बुडालं तरी कर आहे. एक एकरवाला आणि जहागीरदार एकाच दराला आहेत. माझ्या पगाराचा वरचा थर 10 टक्क्यांत येतो, पण इथे 30. कोट्यवधींचा खेळ करणाऱ्यालाही 30. ज्याचा पगार करमर्यादेच्या खाली आहे, त्यालाही आपली उरलेली करमुक्त मर्यादा या नफ्यापुढे धरता येत नाही. बाबासाहेबांनी जो दोष साऱ्यात दाखवला, तो जवळपास शंभर वर्षांनी आयकरातच घुसवला आहे.

कुणी म्हणेल, जुगाराला आळा घालायला हे हवंच. मग शेअर बाजारातल्या तोट्याला वजावट का मिळते? तोही अनेकांसाठी जुगारच आहे. आळा घालायचा तर लोकांना सावध करा, जाहिराती रोखा. तोट्यावर कर लावून कुठला आळा बसतो?

दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर आपण अर्धंच बोलतो. आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो : बाबासाहेब आज असते तर त्यांनी बिटकॉइनला पाठिंबा दिला असता, कारण त्यांचा सरकारी नोटा छापण्याच्या मनमानीला विरोध होता. विरोध होता, हे खरं. 1923 च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' मध्ये चलन काढणाऱ्याच्या हाती मोकळीक नको, हा आग्रह आहे. पण तो कशासाठी? रुपयाने विकत मिळणाऱ्या वस्तूंच्या हिशेबात रुपया स्थिर राहावा म्हणून. किमती हलल्या की मजुरी करणारा आधी मरतो म्हणून. जे नाणं एका रात्रीत वीस टक्के पडतं, ते त्या कसोटीवर कसं उतरेल? बाबासाहेबांचं नाव घेऊन कुणी तुम्हाला नाणं विकत असेल तर त्याला पुस्तकातलं पान विचारा.

म्हणून माझं म्हणणं दोन भागांत आहे. ज्यांनी विकलंय त्यांनी एक्सचेंजचा पूर्ण वर्षाचा तक्ता काढा, एआयएसशी ताडून बघा, प्रत्येक विक्री वेगळी लिहा. आधीच्या वर्षी राहून गेलं असेल तर अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, भरता येतं. जादा कर 25 टक्क्यांपासून सुरू होतो आणि जितका उशीर तितका वाढतो. आणि सगळं खरं लिहून झाल्यावर आपल्या खासदाराला पत्र लिहा : तोट्याची वजावट द्या, दर ऐपतीप्रमाणे लावा. ज्याने स्वतः लपवलंय त्याला हे पत्र लिहिता येत नाही, म्हणून हा क्रम.

येत्या रविवारी विहारात आर्थिक विचारांच्या तासाला मी माझ्या 23 ओळी पडद्यावर लावणार आहे. शिकवणार ती सीएवाली मुलगी. मी पहिल्या रांगेत बसेन. मुलीच्या क्लासची फी आता हप्त्याने जातेय, तेही त्या दिवशी सांगेन.

जय भीम!