पिंपातला उन्हाळा

डेंग्यू म्हटलं की पाऊस, डबकी आणि चिखल एवढंच डोळ्यांपुढे येतं. मग बारामती-इंदापूरचं काय करायचं? पर्जन्यछायेतल्या या तालुक्यांत वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस. तरी डेंग्यू दरवर्षी येतोच. बागायती पट्ट्यात लोक खापर फोडतात ते नीरा डाव्या कालव्यावर, उसाच्या फडावर, नाहीतर उजनी धरणाच्या फुगवट्यावर. तिथे डास होतात हे खरं, पण ते बहुतेक क्युलेक्स नि अ‍ॅनाफिलीस. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्तीला हवं असतं घरादारात साठवलेलं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी. म्हणून माझं म्हणणं असं, की इथला डेंग्यू टंचाईत पेरला जातो. पावसात तो फक्त उगवतो.

जिरायती भागात आणि कालव्याच्या टेलच्या गावांत नळाचा भरवसा नाही, टँकर आला तर आला. त्यामुळे दारोदारी पिंपं, रांजण, सिमेंटच्या टाक्या, जनावरांचे हौद. एडीसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काळी, मिलिमीटरभरही लांब नसलेली ही अंडी मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. पिंप उपडं केलं की अळ्या जातात, अंडी तशीच राहतात. कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. पुढे आठ-दहा दिवसांत डास तयार.

यावर रास्त आक्षेप असा, की टंचाई एप्रिल-मेमध्ये असते, मग रुग्ण पावसाळ्यात आणि त्यानंतर का वाढतात? कारण विषाणू डासाच्या पोटातून लाळेत यायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, आणि चाळिशीच्या कोरड्या उन्हात मादी तेवढी जगणंच कठीण. पारा उतरला, हवा दमट झाली की ती जगते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील (आयआयटीएम) शास्त्रज्ञांचा जानेवारी २०२५ मधला अभ्यास हेच सांगतो: पुण्यात २७ अंशांवरचं तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि मध्यम, सारखा विभागून पडणारा पाऊस डेंग्यूला पोषक, उलट आठवड्यात १५० मिलिमीटरवर पाऊस झाला तर अंडी-अळ्या वाहून जातात. पण वाहून जातं ते उघड्यावरचं. मे २०२५ अखेरच्या पावसात नीरा डावा कालवा फुटला, तरी पडवीतल्या पिंपाला त्याचं काय? ब्राझीलमधल्या २०२१ च्या अभ्यासातही तीव्र दुष्काळानंतर तीन ते पाच महिन्यांनी डेंग्यूचा धोका वाढलेला दिसला, आणि पाणीपुरवठा बेभरवशाचा तिथे जास्त. आपल्या एप्रिल-मेत तेवढे महिने मिळवून पाहा.

मग आठवड्याचा कोरडा दिवस पाळा, असं सांगून आपण मोकळे होतो. पुढचं पाणी कधी येईल ठाऊक नसलेल्या घरात भरलेलं पिंप कोण ओतेल? त्याला निष्काळजीपणा म्हणणं मला पटत नाही. तिथे पिंपाला घट्ट बांधलेलं फडकं, रिकामं झाल्यावर आतून काथ्याने घासणं आणि हौदात गप्पी मासे, एवढं जमण्यासारखं आहे. धूरफवारणीने गावाचं समाधान होतं खरं; पण ती उडत्या डासांपुरती, आणि एडीस बसलेला असतो खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांमागे. अंड्यांना तर धुराचं काहीच नाही. कंटेनर सर्वेक्षण मार्चमध्येच सुरू व्हावं. कोणत्या वाड्या-वस्त्यांवर टँकर जातो याची यादी पंचायत समितीत असतेच; आरोग्यसेवकाने आशाताईंना घेऊन तिथूनच सुरुवात करावी.