मिनेसोटाच्या बर्फवाटा

अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या मिनेसोटात आम्ही हिवाळ्यात फिरलो, तेव्हा गोठलेल्या तळ्यांवर स्नोमोबाइल धावताना दिसल्या. बर्फावरची ही मोटारसायकलच म्हणा. राज्यात तिच्यासाठी सुमारे २२,००० मैल वाटा आहेत. बहुतेक वाटा गावोगावच्या क्लबांचे स्वयंसेवक राखतात आणि त्यांना मदत मिळते ती नोंदणी शुल्क व इंधनकरातून. म्हणून शुल्कवाढीचा प्रस्ताव निघाला की प्रश्न एकच: खिसा सांभाळायचा की वाटा?

सुरक्षेला मात्र सवलत नसावी. १९७६ नंतर जन्मलेल्यांना प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तळ्यावर नवा, स्वच्छ बर्फ किमान ५ ते ७ इंच जाड असावा, असे तिथे सांगतात. शुल्क सरकार ठरवील. बर्फाची जाडी मात्र ज्याची त्यानेच मोजायची.