खाली गेलेली मान

डावा खांदा कामातून गेला. डॉक्टरांनी पॅड धरायला मनाई केली, तेव्हापासून हातानं शिकवायचं ते तोंडानं शिकवतोय. तोंड कमी पडलं की पुस्तकं उघडतो. हिंगोलीत बॉक्सिंगची इंग्रजी पुस्तकं बाळगणारा मी बहुधा एकटाच, आणि त्याचा मला तोरा आहे. स्पर्धेला जाताना लीबलिंगचं ‘द स्वीट सायन्स’ काखेत असं धरतो की मुखपृष्ठ लोकांना दिसावं.

अडचण एकच. आमच्याकडं येणारं पोरगं कुस्तीच्या फडातून येतं. पट काढायची सवय अंगात मुरलेली. समोरच्याचा खांदा हलला की कमरेत वाकतं, मान पुढं काढतं. मातीत तो गुण. रिंगमध्ये डोकं पट्ट्याखाली गेलं की फाउल, आणि खालून अपरकट बसतो तो वेगळाच. मी ओरडतो, ‘हनुवटी खाली, नजर वर!’ त्याच्या कानात फक्त ‘खाली’ शिरतं. हनुवटीखाली टेनिसचा बॉल दाबून शॅडो बॉक्सिंग करायला लावतो. बॉल आहे तोवर मान जागेवर; बॉल काढला की पुन्हा पट. पॅड हातात होते तेव्हा मान झुकली रे झुकली की कपाळावर पॅड बसायचा, बोलायची गरजच नसायची.

2013 साली मोठ्या पुरुष गटाचं हेडगार्ड निघालं आणि ही खोड फारच महाग झाली. डोक्यावर डोकं आपटतं, भुवई फाटते, डॉक्टर लढत थांबवतो.

उपाय शोधायला पुस्तकं उघडली. मेलरच्या ‘द फाइट’मध्ये किन्शासातले अली-फोरमन दिसतात, त्यांच्याहून जास्त मेलर दिसतो. ‘ऑन बॉक्सिंग’ लिहिणाऱ्या ओट्सबाई फार हुशार, पण दोराबाहेरून बघतात. लीबलिंगला कॉर्नरमधली बोली पक्की कळते. 2002 मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’नं क्रीडापुस्तकांत त्याला पहिला नंबर दिला तो उगाच नाही. पण मान कशी उठवायची, ते तिघांपैकी कुणी सांगत नाही. एफ. एक्स. टूल मात्र आपल्यातला. कॉर्नरला उभा राहून रक्त थांबवणारा माणूस. सत्तरीला टेकल्यावर, 2000 साली पहिलं पुस्तक आलं, ‘रोप बर्न्स’. ‘मिलियन डॉलर बेबी’ त्यातूनच निघाला. जखमेत कापसाची काडी किती दाबायची, हे तो लिहितो तेव्हा माझीच बोटं आवळतात. पण तोही भुवई फाटल्यानंतरचा माणूस. त्याआधीचं काय?

हल्ली मोबाइल बघून झालेले कोच पॅडवर फटाफट आवाज काढतात, रील झकास होते. पालकांचा डोळा पाच टक्के क्रीडा आरक्षणावर. मानेकडं बघायला कुणाला सवड आहे?

वस्ताद मंडळींना एकच विनंती: पोरगं बॉक्सिंगला द्यायचंच असेल तर मिसरूड फुटायच्या आत द्या. पट अंगात भिनल्यावर पाठवलेलं पोरगं मला सुधारता आलेलं नाही.