मोमिनाबादची छावणी

अंबाजोगाईला आमचे दादाअब्बा शेवटपर्यंत मोमिनाबादच म्हणत. निजामी अमलात गावाचे सरकारी नाव तेच होते, आणि गावाला लागून घोडेस्वारांची छावणी होती. दादाअब्बांचे दादा त्या छावणीत मोतद्दार होते. "निजामसरकार के फौज में थे हमारे दादा," हे आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकले की ते आम्हाला कलम्यासारखे पाठ झाले होते.

शाळेत मात्र याच निजामामुळे मान खाली घालावी लागे. इतिहासाच्या तासाला प्रश्न यायचा, तैनाती फौज सर्वांत आधी कोणी स्वीकारली? हैदराबादच्या निजामाने, १७९८ साली. उत्तर येताच अख्खा वर्ग आमच्या बाकाकडे वळून बघे. दरवर्षी आमच्यापैकी कोणी ना कोणी त्या वर्गात असे, आणि मधल्या सुट्टीत 'निजामाची औलाद' ऐकून घरी येई. पुढच्याच पानावर पेशव्यांचा १८०२चा वसईचा तह होता. तेव्हा कोणी कोणाकडे वळून पाहत नसे. पाहावे तरी का? तहावर सही करणाऱ्याशी बाकावरच्या पोराचा काय संबंध?

घरात अभिमान आणि शाळेत शरम, दोन्ही एकाच निजामाची. मोठेपणी आम्ही ते तह वाचायला घेतले ते या कोंडीतून सुटण्यासाठीच.

१७९८च्या तहाने निजामाने फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालचे सैन्य मोडले आणि कंपनीची फौज ठेवून घेतली. खर्च वर्षाला २४ लाखांहून अधिक. १८०० साली त्या खर्चापोटी बळ्ळारी-कडप्प्याकडचा मुलूख कायमचा दिला. हिशेब इथे मिटायला हवा होता. पण त्याच तहात एक कलम होते, युद्ध झाले तर निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० स्वार मदतीला द्यावेत. युद्ध झाले तर! या कलमाच्या आधाराने पुढे शांततेच्या काळातही एक वेगळी फौज उभी राहिली, हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि आमचे मोमिनाबाद ही तिची ठाणी. म्हणजे दादाअब्बांचे दादा ज्या घोड्यांना खरारा करत, ते निजामाच्या हुकुमातले नव्हतेच. निजाम फक्त चंदीचे पैसे देत होता.

आणि ते पैसे तरी कुठून? दिवाण चंदूलालच्या काळात पामर कंपनीसारख्या पेढ्यांकडून शेकडा २४च्या आसपास व्याजाने कर्ज काढले गेले आणि वसुलीसाठी तालुके मक्त्याने दिले गेले. मक्तेदार रयतेला पिळत होता. त्या रयतेत मराठा होता, महार होता, आमचे मोमीन-पिंजारीही होते. शेवटी थकबाकी वाढली आणि डलहौसीने १८५३ साली वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी लावून घेतला. धाराशिव आणि रायचूर १८६०ला परत आले, वऱ्हाड आले नाही. सालारजंगाने ते परत मिळवण्यासाठी आयुष्य झिजवले. १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला. सातव्या निजामाने पुन्हा विषय काढला, तेव्हा १९२६ साली व्हाइसरॉय रीडिंगने कळवले, ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे, बरोबरीच्या नात्याने बोलू नये. १९३६ला युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. मुलूख नाही, किताब!

याच कंटिंजंटच्या औरंगाबादच्या स्वारांनी जून १८५७मध्ये बंड केले आणि ते मोडले गेले. बाकीची पलटण इंग्रजांबरोबर झाशीपर्यंत गेली. हे आम्हाला ना घरी सांगितले गेले, ना शाळेत.

दादाअब्बा तेव्हा हयात होते. दृष्टी गेलेली, पण कान तल्लख. आम्ही एका संध्याकाळी त्यांना सगळे वाचून दाखवले. मध्ये एकदा त्यांनी विचारले, "मतलब हमारे दादा अंग्रेज के नौकर थे?" आम्ही गप्प राहिलो. १८६०च्या तहात इंग्रजांनी निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ केल्याचे आम्ही वाचले. जे कर्ज निजामाच्याच नावावर, निजामाच्या नसलेल्या फौजेसाठी चढले होते, ते!

दादाअब्बांनी उशाखालचा पत्र्याचा डबा काढला. त्यात हाली नाणी होती. निजामाचा हाली सिक्का इंग्रजी कलदारापेक्षा हलका, १०० कलदारांना ११६च्या वर हाली मोजावे लागत. तरुणपणी त्यांनी सराफाच्या दुकानात काम केलेले, हा भाव त्यांच्या बोटांवर होता. एक नाणे त्यांनी अंगठ्याने चाचपले.

"पचास लाख," ते म्हणाले. "हाली या कलदार?"