ताईच्या गावाला

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी हाच हिशेब असेल. वर्षाची रजा तीन आठवडे, फार तर चार. ती दोन वर्षं साठवायची, मुलांच्या शाळा सुटल्या की बॅगा भरायच्या आणि थेट मुंबई गाठायची. आमच्या अमेरिकेतल्या चाळीस वर्षांत रजा म्हणजे भारत, आणि भारत म्हणजे पुण्यातला आईचा वाडा. बाकीचं जग 'नंतर कधीतरी'. विमान बदलायला लंडनला कितीदा उतरलो असू! पण विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं नाही.

आणि तिथून आगगाडीनं दोन-अडीच तासांवर ताईचं घर होतं.

ताई म्हणजे आमच्यातल्या सौभाग्यवतींची थोरली बहीण. भावोजी डॉक्टर. पुण्याच्या बी. जे. मधून पास होऊन १९६९ साली ते ब्रिटनला गेले आणि १९७३ पासून दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यात जनरल प्रॅक्टिस करू लागले. आम्ही इकडे मिशिगनमध्ये. दोघी बहिणी भेटायच्या त्या पुण्यात, आईच्या ओटीवर, आंब्याच्या रसाच्या पातेल्याभोवती. एकमेकींची घरं दोघींनी फोटोतच पाहिलेली. २०१४ साली आई गेली, पाठोपाठ वाडा बिल्डरकडे गेला. तिथे आता सात मजली इमारत आहे आणि खाली मोबाईलचं दुकान. मग भेटायचं कुठे, हा प्रश्न आला. उत्तर शोधता शोधता २०२० उजाडलं आणि एप्रिलमध्ये भावोजी गेले. त्यांचा अंत्यविधी आम्ही डेट्रॉइटजवळच्या आमच्या घरी पहाटे पाच वाजता कॉम्प्युटरवर पाहिला. आत मोजकी माणसं, तीही अंतर ठेवून बसलेली.

शेवटी २०२४ च्या जुलैत आम्ही उभयतां निघालो. निघण्याआधी लंडनच्या भाच्याचा फोन आला. "मावशी, आईला तूच समजाव. ते घर विकून माझ्याकडे ये म्हणावं. माझं ऐकत नाही." म्हणजे सामानात मेतकूट, गोडा मसाला आणि ही कामगिरी.

लंडनबद्दल फार लिहीत नाही. दोन दिवसांत जेवढं होतं तेवढं केलं, पाय दुखले, आणि पॅडिंग्टनला कार्डिफची गाडी पकडली. सेव्हर्न नदीच्या मुखाखालून चार मैलांहून लांब बोगदा आहे, १८८६ साली उघडलेला. त्यातून गाडी बाहेर आली की वेल्स. वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, कारण प्रत्येक पाटी दोन भाषांत असते. रस्त्यावर ठिकठिकाणी पांढऱ्या रंगात 'अराव्ह' असं लिहिलेलं. न्यायला आलेली भाची म्हणाली, "हळू चालवा." आमच्यातल्या श्रीयुतांना वाटलं ती आपल्यालाच सांगते आहे. वेल्शमध्ये एकटा 'एफ' म्हणजे 'व्ह', आणि 'अराव्ह' म्हणजे 'हळू'.

ताईच्या गावाचं नाव छापलेलं तिला आवडणार नाही. मर्थर टिडफिलच्या आसपास म्हणून सांगतो. अरुंद खोरं, तळाशी नदी, दोन्ही उतारांवर एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांच्या लांबच लांब ओळी, वर पाटीच्या दगडाची छपरं. आपल्याकडच्या गिरणगावच्या चाळी आडव्या करून डोंगराला टेकवल्यासारख्या. वर हिरव्यागार टेकड्या. त्यांतल्या काही टेकड्या नव्हेतच, खाणीतून काढलेल्या मातीदगडाचे ढीग आहेत, त्यांवर गवत उगवलेलं. पाऊस मात्र अस्सल कोकणी. आम्ही दहा दिवस होतो, त्यातले सात दिवस छत्री.

१९१३ साली या खोऱ्यांतून ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. एडनपासून मुंबईपर्यंतच्या बंदरांत आगबोटी हाच कोळसा भरून घेत. शेवटची खोल खाण, टॉवर कोलिअरी, सरकारनं १९९४ मध्ये बंद केली, तेव्हा २३९ कामगारांनी आपापल्या भरपाईतले आठ-आठ हजार पौंड घालून ती विकत घेतली आणि २००८ पर्यंत स्वतः चालवली. ताई हे असं सांगते, जणू तिचेही आठ हजार त्यात होते.

ब्लेनॅव्हनची 'बिग पिट' ही खाण १९८० साली बंद झाली आणि १९८३ पासून पाहायला खुली आहे. तिथे अवश्य जा. डोक्यावर हेल्मेट आणि दिवा, कमरेला बॅटरी आणि श्वास वाचवणारा डबा, असं पाचेक किलोचं ओझं अंगावर चढवतात. घड्याळ, फोन, काडेपेटी, ठिणगी पडेल असं सगळं वर ठेवून घेतात. मग पिंजऱ्यातून ३०० फूट खाली. वाट दाखवणारे लोक एके काळी स्वतः खाणीत काम केलेले. आमच्या वाटाड्यानं एका जागी सगळ्यांना दिवे विझवायला लावले. डोळ्यांपुढे स्वतःचा हात धरला तरी दिसेना. त्या काळोखात तो म्हणाला, १८४२ चा कायदा होईपर्यंत पाच-सहा वर्षांची पोरं अशा अंधारात दिवसभर दारापाशी बसायची. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचं, गेली की लावायचं. कायद्यानं बायका आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाली उतरायला बंदी केली. घोड्यांचे तबेलेही खालीच आहेत.

वर आल्यावर वाटाड्यानं आमचं गाव विचारलं. आम्ही मिशिगन म्हटलं, त्याचं समाधान होईना. मग ताईनं भावोजींचं नाव सांगितलं. त्यानं टोपी काढली. त्याच्या वडिलांच्या छातीत कोळशाची धूळ बसली होती. शेवटची दोन वर्षं भावोजी दर आठवड्याला घरी जात. "न बोलावता यायचे," तो म्हणाला.

भावोजी फोनवर कधी प्रॅक्टिसबद्दल बोलत नसत. क्रिकेट आणि नाटकं, एवढंच. त्यामुळे भारतीय डॉक्टर या खोऱ्यांत एवढे का, हे आम्हाला इथेच नीट समजलं. ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू करणारे मंत्री अनायरिन बेव्हन इथल्याच ट्रेडेगरचे, तेराव्या वर्षी खाणीत गेलेले. ट्रेडेगरच्या कामगारांनी पगारातून वर्गणी काढून आधीपासूनच डॉक्टर आणि औषधांची सोय केली होती. बेव्हनसाहेबांनी तेच साऱ्या देशाला दिलं. याच ट्रेडेगरमध्ये १९२० च्या दशकात ए. जे. क्रोनिन डॉक्टर होते. त्यांच्या 'द सिटाडेल' कादंबरीवरून १९७१ साली देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' निघाला. भावोजींनी तो लंडनमध्ये पाहिला होता आणि हे गाव पत्करण्यात त्या सिनेमाचाही हात असावा, असा ताईचा संशय आहे.

सेवा देशभर झाली, पण डॉक्टर देशभर जाईनात. त्याच भागात प्रॅक्टिस करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली मांडून दाखवलं की जिथे आजार जास्त तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी पोहोचते. मग या खोऱ्यांतले दवाखाने चालवले ते भारत-पाकिस्तानातून आलेल्यांनी. त्यांना मोठ्या शहरांतल्या मोठ्या जागा सहजी मिळत नव्हत्या, हेही तितकंच खरं. भावोजींनाही सर्जन व्हायचं होतं.

ताई आली तेव्हा तिला शेजारणीचं इंग्रजी कळत नसे आणि शेजारणीला ताईचं. इथे आडनावं थोडीच, अर्धं गाव जोन्स नाही तर डेव्हिस. म्हणून धंदा जोडून ओळखायची पद्धत, 'जोन्स दूधवाला' अशी. आपल्याकडे सुतार, सोनार, कुलकर्णी झाले ते याच वाटेनं. ताई झाली 'मिसेस डॉक्टर'. १९८४-८५ च्या वर्षभराच्या संपात गावातल्या बायकांनी संपकऱ्यांसाठी स्वयंपाकघर चालवलं. ताई रोज बटाटे सोलायला जाई. एक दिवस मीठ-मिरीचे उकडलेले बटाटे पाहून तिला राहवलं नाही. तिनं मोहरी-हळदीची फोडणी घातली, कांदा, मिरची. पहिल्या दिवशी शांतता. दुसऱ्या दिवशी चौकशी. संप संपला, पण दर वर्षी चर्चच्या जत्रेला 'मिसेस डॉक्टरचे पिवळे बटाटे' अजून लागतात.

अबरव्हॅनला आम्ही एका दुपारी गेलो. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊला डोंगरावरचा खाणीचा ढीग पावसानं भिजून खाली आला आणि शाळेवर कोसळला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. शाळेच्या जागी आता बाग आहे आणि वर उतारावर दफनभूमीत पांढऱ्या कमानींची ओळ. भावोजींचे काही रुग्ण त्या मुलांचे आईवडील होते. ताई गाडीतच बसून राहिली.

सगळीच प्रेक्षणीय स्थळं अशी नाहीत, घाबरू नका. कर्फिलीचा किल्ला १२६८ साली बांधायला घेतलेला, त्याचा एक बुरूज पिसाच्या मनोऱ्याहून जास्त कललेला आहे. कार्डिफच्या संग्रहालयात दोन अविवाहित बहिणींनी जमवलेली रेन्वार-मोने यांची चित्रं आहेत. आमच्या घरच्या दोन बहिणींनी त्यांच्यापुढे बाकावर बसून पुण्याच्या भांडीवाल्या बाईंचं काय झालं, याची चर्चा केली.

सेंट फॅगन्सला मात्र आम्ही पूर्ण दिवस काढला. देशभरातली जुनी घरं दगड न् दगड क्रमांक घालून उतरवायची आणि इथे आणून तशीच्या तशी उभी करायची, असं हे संग्रहालय. मर्थरची सहा घरांची एक ओळ आहे. प्रत्येक घर वेगळ्या काळाचं सजवलेलं: १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५. पहिल्यात जमिनीवर काही नाही, शेवटच्यात टीव्ही. पाचव्या घरात दोघी बहिणी बराच वेळ उभ्या होत्या. "आपल्या वाड्याची एक खोली तरी अशी ठेवायला हवी होती," असं ताई म्हणाली. कुठली ठेवायची यावर दोघींचं एकमत होईना. एकीला माजघर हवं होतं, दुसरीला माळ्याचा जिना.

त्याच संग्रहालयात 'वेल्श नॉट' पाहायला मिळाला. एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात अडकवायची लाकडी पट्टी. आता भाचीची दोन्ही मुलं कार्डिफच्या वेल्श माध्यमाच्या शाळेत जातात. २०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार भरले, १७.८ टक्के. सरकारला २०५० पर्यंत ते दहा लाख करायचे आहेत. वेल्श टीव्हीसाठी १९८० साली ग्विनव्होर एव्हन्स या पुढाऱ्यानं आमरण उपोषण जाहीर केलं. उपोषण सुरू व्हायच्या आधीच सरकार नमलं, आणि १९८२ मध्ये वाहिनी सुरू झाली. नातवंडं आजीशी इंग्रजी बोलतात, आपसात भांडतात वेल्शमध्ये, आणि मराठीत त्यांना 'आजी', 'पुरे' आणि 'अजून' एवढे शब्द येतात. आम्ही काही बोललो नाही. आमच्या नातवाला 'पुरे' पण येत नाही. पण साडेपाच लाखांच्या आसपास भाषकांची भाषा शाळेपासून रस्त्याच्या पाटीपर्यंत उभी राहते आणि आपण रविवारच्या मराठी शाळेला हॉल मिळत नाही म्हणून बंद करतो, हे मंडळाच्या पुढच्या सभेत आम्ही काढणार आहोत.

राहिली कामगिरी. ती शेवटच्या आदल्या रात्री निघाली. भाच्याचं म्हणणं खोटं नाही. घरात चौदा पायऱ्यांचा उभा जिना, हिवाळ्यात दारापुढे बर्फ, भावोजींचा दवाखाना आता बंद, नवा पाच मैलांवर, आणि संध्याकाळी सहानंतर बस नाही. हे सगळं सौभाग्यवतींनी शांतपणे सांगितलं. ताई भाजी निवडत होती.

"त्या दिवशी आत आम्ही दहाच जण होतो," ती म्हणाली. "तुम्हाला तेवढंच दिसलं. कॅमेरा आत होता ना. गाडी घरून निघाली तेव्हा खालच्या वळणापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं आपापल्या दारात उभी होती. पावसात. कुणी घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम होता, म्हणून उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता उभी होती. लंडनला मी गेले तर शेजाऱ्याला कळायला आठवडा लागेल."

मग ती म्हणाली, भाजीत गूळ घालू का?

भाच्याला आम्ही कळवलं की जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा बसवून घे आणि तूर्त एवढंच कर. तो थोडा नाराज आहे. घराचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

ताई पुढच्या मे महिन्यात आमच्याकडे येणार आहे. पहिल्यांदाच. नायगरा वगैरे दाखवू नका म्हणते. तिला आमचं वाणसामानाचं दुकान, मंडळाचा हॉल आणि बेसमेंट पाहायचं आहे, कारण वाड्यातून आईची जी पितळी भांडी आम्ही आणली, ती अजून तिथे खोक्यांत आहेत आणि त्यातला एक डबा आपला आहे असं तिचं म्हणणं आहे. बेसमेंट आवरायला घेतलं आहे.